गावाच्या उमेदवारीकडे पाहताना : सावर्ड्याच्या निमित्ताने

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की थोड्या वेळात सावर्ड्याची बाजारपेठ लागते. घाईतल्या प्रवाशाला ते रस्त्याकडेचे आणखी एक गाव वाटते. जो उतरतो त्याला मात्र इथे पुष्कळ सापडते. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालये आहेत, चित्र आणि शिल्प शिकवणारे कला महाविद्यालय आहे, कोकण रेल्वेचे स्थानक आहे. शेजारी डेरवणला मोठे रुग्णालय आणि शिवसृष्टी आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा जुना धंदा इथे टिकून आहे आणि शिमग्यात जळते होल्टे अंगावर झेलणारी माणसेही इथलीच. अशा गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न मला अनेक वर्षे खुणावतो आहे. वाचकांनी तो माझ्यासोबत थोडा वेळ हाताळून पाहावा, एवढीच विनंती.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांवर भरपूर लिहिले जाते. ग्रामपंचायतीच्या वाट्याला येते ती निकालाच्या दिवशीची एक बेरीज, कोणत्या पक्षाने किती ग्रामपंचायतींवर दावा केला एवढीच. मुळात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढवलीच जात नाही. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुक्त चिन्हांतून एक चिन्ह मिळते आणि त्याच्यासह उमेदवार दारोदार फिरतो. म्हणून वाचकांनी पहिल्यांदा ती बेरीज बाजूला ठेवावी. उमेदवार कोणत्या वाडीतला आहे, कोणत्या कामासाठी उभा राहिला आहे आणि त्याच्या शब्दामागे कोण उभे आहे, हे आधी विचारावे.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतात. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनेचा आधार मिळाला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या गावातील मतदाराला उभे राहता येते आणि लोकसंख्येनुसार सात ते सतरा सदस्य निवडले जातात. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. बारामती तालुक्यातील निंबूत गावाने मात्र १९६० च्या दशकातच सगळा कारभार स्त्रियांच्या हाती दिला होता. हा दाखला मी मुद्दाम लक्षात ठेवतो, कारण गाव कायद्याच्या पुढे जाऊ शकते हे त्यातून दिसते.

कोकणातली उमेदवारी समजून घ्यायची तर वाडीपासून सुरुवात करावी लागते. घाटावरच्या गावासारखे एका पांढरीत गोळा झालेले गाव इथे क्वचितच. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या असतात, त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या आणि पऱ्यावरचे साकव असतात. प्रत्येक वाडीची विहीर वेगळी, त्यामुळे गरजही वेगळी. शिवाय गावकी असते. पालखीचा मान, देवळाचा खर्च, भांडणतंटा हे जिथे ठरते, तिथेच बहुधा प्रभागातून कोण उभे राहणार याचीही चर्चा होते. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळालाही विचारले जाते, कारण रस्त्यापासून सभामंडपापर्यंत त्यांची वर्गणी गावात पोहोचलेली असते. अनेकदा सगळे मिळून निवडणूक बिनविरोध करतात. शहरातल्या अभ्यासकाला हे लोकशाहीला बगल दिल्यासारखे वाटते. माझे मत वेगळे आहे. ज्या गावात बैठकीला सगळ्या वाड्या आणि सगळ्या समाजांतल्या बायका-माणसांना बसायला जागा मिळते, तिथली एकमताची निवड खरी असते. ज्यांना तिथे बोलावणेच जात नाही, त्यांच्यासाठी मतपेटी हाच आधार. तेव्हा ‘बिनविरोध’ हा शब्द ऐकलात की बैठकीला कोण होते, तेवढे विचारून घ्या.

आता मुख्य विषयाकडे येऊ. लोकांच्या सोयी, व्यापारउदीम आणि पर्यावरण अशी तीन खाती जाहीरनाम्यात वेगवेगळी लिहिता येतात. गावात ती वेगळी राहत नाहीत, हे दाखवायला कातासारखा दुसरा दाखला नाही. खैर तोडायचा, त्याच्या लाल गाभ्याचे तुकडे करायचे, ते पाण्यात उकळायचे, अर्क आटवून थंड करायचा आणि घट्ट झालेल्या काताच्या वड्या पाडायच्या, असे हे काम. विड्यातला रंग इथून येतो. कातकरी या समाजाच्या नावातच हा धंदा आहे. शेतकऱ्याच्या वरकस जमिनीतला खैर हा अडीअडचणीला विकता येणारा ठेवा असतो, कारखान्यात मजुरी मिळते, बाजारात पैसा फिरतो. त्याच धंद्याला लाकूड लागते, जळण लागते, पाणी लागते आणि शेवटी काळपट तांबडे सांडपाणी उरते. गावाजवळून कापशी नदी वाहते. म्हणून कात आणि कापशीचे पाणी यांची चर्चा इथे एका दमात होते. ‘कारखाने बंद करा’ म्हणणारा उमेदवार मजुराच्या दारात उभा राहू शकत नाही आणि ‘चालू द्या’ म्हणणारा खालच्या अंगाच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला तोंड दाखवू शकत नाही. दोन्ही दारांत जाऊन एकच वाक्य बोलता येईल, असे वाक्य शोधणे हीच खरी उमेदवारी, असे मी मानतो.

त्यासाठी कोणता अधिकार कोणाकडे आहे हे माहीत हवे. सांडपाण्याची परवानगी आणि तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. खैर हे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमातील अनुसूचित झाड असल्याने त्याची तोड वनखात्याच्या परवानगीने होते. महामार्ग केंद्र सरकारचा. मग ग्रामपंचायतीकडे काय उरते, असे तुम्ही विचाराल. उरते ते थोडे नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, बाजारातला कचरा आणि नळपाणी योजना तिच्याकडे असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासून अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची समिती नेमून झाडे, प्राणी, पाणवठे आणि त्यांविषयीचे जुने ज्ञान नोंदवहीत उतरवता येते. खैर कुठे किती उरला आहे, हे त्या नोंदवहीत नीट लिहिले गेले तर पुढच्या कितीतरी वादांना पाया मिळेल.

सर्वांत मोठी ताकद ग्रामसभेची. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतील कमी असेल तेवढी माणसे जमली की सभा भरते. शंभर माणसे म्हणजे दोन-तीन वाड्यांची पालखीमागची गर्दी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभांना मोठे स्थान दिले, त्यामागे सिंधुदुर्गातल्या अनेक ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्र व्हावे म्हणून केलेले ठराव होते. त्याच अहवालात लोटे औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाचीही दखल आहे आणि लोटे सावर्ड्यापासून फार दूर नाही.

पाण्याविषयी एवढेच सांगतो की या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही वैशाखात डोंगराकडच्या वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, ते इथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर आहे. जास्त पाणी आणि कमी पाणी ही दोन्ही दुःखे एकाच तालुक्यात नांदतात. पऱ्यावर दिवाळीच्या सुमारास घातलेला वनराई बंधारा आणि पावसाआधी उपसलेले गटार ही म्हणूनच इथली मोठी राजकीय कामे आहेत, वर्तमानपत्रात त्यांना जागा मिळो न मिळो.

नव्याने या विषयाकडे येणाऱ्या वाचकांनी पुस्तकाआधी गाव वाचावे. तुम्ही सावर्ड्याला गेलात तर सकाळी बाजारात चहा घ्या, कोणत्या दुकानासमोर पाणी साचते ते विचारा. मग कापशीच्या काठाने थोडे चाला. ग्रामपंचायत कार्यालयाबाहेरच्या फलकावर पुढच्या ग्रामसभेची तारीख आणि विषय लिहिलेले असतील. ते वहीत उतरवून घ्या आणि जमले तर त्या दिवशी पुन्हा या, मागच्या रांगेत बसा, आणि पाण्याचा विषय निघाल्यावर सर्वांत आधी कोण उठते ते पाहा.