गाडी कोणाची?

गणपतीत पुतण्या पुण्याहून आला तो कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठा खोका घेऊन. आत लेगोची गाडी. मॅक्लारेन एमपी ४/४, १९८८ सालची फॉर्म्युला वनची गाडी, ६९३ तुकड्यांत. ओटीवर जुनी साडी अंथरली, आईच्या चार ताटल्या पळवल्या आणि तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करायला बसलो. "काका, तुम्ही फक्त शोधून द्यायचं, लावायचं मी," असं मला आधीच बजावण्यात आलं होतं. असो.

अण्णा आरामखुर्चीत बसून बघत होते. अण्णांनी उभी हयात मिरकरवाड्यात लाकडी होड्या बांधल्या. आता हात थरथरतात, पण नजर अजून ओळंब्यासारखी आहे. गाडीचा सांगाडा झाला, पिवळ्या हेल्मेटचा चालक आत बसवला आणि अण्णा म्हणाले, "हा बसलाय की झोपलाय?"

मंडळी, तीन-चारशे शब्द खर्ची घालीन असा हा प्रश्न आहे :)

कारण त्या गाडीची सगळी गंमत त्या झोपण्यातच आहे. गॉर्डन मरे हा डर्बनमध्ये जन्मलेला डिझायनर आधी ब्रॅभम संघात होता. १९८६ साली त्याने तिथे बीटी ५५ नावाची अगदी बसकी गाडी केली. चालकाला जवळजवळ आडवा घातला, की गाडी कमी उंचीची होते आणि मागच्या पंखावर हवा स्वच्छ येते, हे गणित. पण तिचं इंजिन तिरकं आडवं घालावं लागलं होतं, ते नीट चाललं नाही आणि गाडी पडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये चाचणी घेताना तिच्या अपघातात एलिओ डी अँजेलिस हा चालक गेला. पुढे मरे मॅक्लारेनमध्ये आला. १९८८ साली तिथे होंडाचं दीड लिटरचं टर्बो इंजिन मिळालं, ते मुळातच ठेंगणं. मग आडवा चालक जमला. सोळापैकी पंधरा शर्यती त्या गाडीने जिंकल्या. सोळावी, मोंझाची, शेवटच्या एक-दोन फेऱ्या राहिलेल्या असताना सेन्ना एका मागे पडलेल्या गाडीला धडकला म्हणून गेली. ती फेरारीने जिंकली, म्हातारे एन्झो फेरारी वारल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा.

आता गाडी मरेची असं मी म्हटलं खरं, पण ते सगळ्यांना मान्य नाही. स्टीव्ह निकोल्स हा मॅक्लारेनचा अमेरिकन डिझायनर. त्याचं म्हणणं, गाडी आमच्या तुकडीने आखली, मुख्य मी होतो. मरेचं म्हणणं, मूळ कल्पना माझी. दोघे म्हातारे झाले तरी हा वाद मिटला नाही. मला विचाराल तर कल्पना एकाची आणि गाडी दुसऱ्याची असंही होऊ शकतं की. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "होडीचंही तसंच. मालक सांगतो अशी हवी, तशी हवी. बांधतो सुतार. नाव लागतं मालकाच्या देवाचं."

खोक्यात तर या दोघांपैकी कोणीच नाही. बारा नंबरची गाडी, सेन्नाचा पुतळा आणि त्याला उभं करायला चबुतरा. अकरा नंबरवाला अ‍ॅलन प्रॉस्टही नाही. खरं तर त्या वर्षी प्रॉस्टचे गुण १०५ आणि सेन्नाचे ९४. पण तेव्हा फक्त सर्वोत्तम अकरा निकाल धरायचा नियम होता. त्या हिशोबात सेन्ना ९० आणि प्रॉस्ट ८७, म्हणून विजेता सेन्ना. आणखी एक गोष्ट खोक्यात नाही. मूळ गाडीचा लाल-पांढरा रंग हा मार्लबोरो सिगारेटचा रंग होता आणि अंगभर तेच नाव होतं. खेळण्यात रंग राहिलाय, नाव गेलंय. मुलांच्या खेळण्यावर सिगारेट नको हे बरोबरच. पण त्या काळी शर्यतीला पैसा कुठून येत होता, हे पुतण्याला मला तोंडानेच सांगावं लागलं.

बरं, ही वीट तरी कोणाची? लेगोवाले ओले कर्क क्रिस्टियानसेन हे डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार. १९३२ मध्ये मंदीत कामं बंद पडली म्हणून लाकडी खेळणी करू लागले. (सुतार म्हटल्यावर अण्णा खुर्चीत पुढे सरकले.) १९४९ साली त्यांनी प्लॅस्टिकच्या विटा काढल्या, पण त्या हिलरी पेज या इंग्रज गृहस्थांच्या किडिक्राफ्ट विटांवरून घेतलेल्या होत्या. पेज १९५७ साली गेले. आतल्या नळ्यांमुळे घट्ट धरून राहणाऱ्या विटेचं पेटंट लेगोने घेतलं ते जानेवारी १९५८ मध्ये, आणि ती करामत मात्र लेगोचीच. तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. किडिक्राफ्टचे उरलेले हक्क लेगोने विकत घेतले १९८१ साली.

योगायोग बघा, त्याच १९८१ साली मॅक्लारेनने कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन गाडी शर्यतीत उतरवली, जॉन बर्नार्डची. लोक म्हणायचे आपटली तर चुरा होईल. मोंझाला जॉन वॉटसन जोरात आपटला, गाडी तुटली आणि तो चालत बाहेर आला. साच्यावर कापड टाकायचं, राळ भरायची आणि घट्ट होऊ द्यायचं. भट्टी आणि दाब सोडला तर आपल्या फायबरच्या होड्याही अशाच होतात. मी हे उत्साहात सांगून गेलो आणि मग जीभ चावली. फायबर आलं आणि अण्णांचं काम गेलं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी नवी होडी बांधली नाही, जुन्यांच्या फळ्या बदलल्या.

अण्णा काही बोलले नाहीत. गाडी पूर्ण झाली होती. त्यांनी ती उचलून नाळ बघावी तशी एक डोळा मिटून समोरून बघितली आणि पुतण्याला विचारलं, "हे पुस्तक बघून कोणीही करू शकेल?"

"हो आजोबा. पुस्तक हरवलं तर नेटवर असतं."

"आमचं पुस्तक नव्हतं," अण्णा म्हणाले.

खरंच नव्हतं. अण्णांनी कधी कागदावर होडी काढली नाही. खालचा कणा ठेवायचा, पुढची नाळ आणि मागचं लाकूड उभं करायचं, मग फासळ्या, मग फळ्या. गोलाई डोळ्याने. त्यांच्या होड्यांपैकी एकही आता पाण्यात नाही. फोटो दोन आहेत, दोन्हीत माणसं पुढे आणि होडी मागे.

पुतण्याने त्यांची शेवटची होडी विटांची करायची ठरवलं. मी म्हटलं, विटा चौकोनी, होडीची कूस कशी येणार? त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. "आजोबा, कणा किती लांब होता?"

अण्णा आकडा सांगेनात. उठले, काठी घेतली आणि अंगणात उतरले. पायरीपासून चालत गेले आणि तुळशीच्या थोडं पुढे जाऊन थांबले. "इथपर्यंत." आम्ही टेप लावला. एकतीस फूट भरले. पुतण्याने गाडीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या जागेवर ते लिहिलं, बत्तीसने भागलं, विटेवरची टेंगळं आठ मिलिमीटरवर असतात असा हिशोब केला आणि ओरडला, "सदतीस टेंगळं!"

"आता रुंदी," अण्णा म्हणाले आणि काठी आडवी धरून पुन्हा चालायला लागले.