झिजेचा वाटा

नांगराचा फाळ झिजला तर ती झीज कोणाच्या खात्यावर मांडायची? चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत या प्रश्नावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही, कारण उत्तर रिवाजानंच ठरलेलं होतं. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, मेहनत लोहाराची. त्या मेहनतीचा मोबदला दर दुरुस्तीला मिळत नसे. तो वर्षाकाठी, नांगरामागे, धान्यात मिळे.

1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत आमच्या शेजारच्या वर्ध्याचा दर दिला आहे: चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे 40 एकरांमागे, 50 पौंड धान्य. आजच्या मापानं जेमतेम 23 किलो. नवं अवजार घडवायचं तर कधी वेगळे पैसे द्यावे लागत. पण लोखंड आणि कोळसा नेहमी गिऱ्हाइकानंच पुरवायचा.

या हिशेबातलं शहाणपण नीट पाहावं. लोहाराला दर खेपेला पैसे मिळाले असते, तर फाळ लवकर बोथट होण्यात त्याचा फायदा होता. धान्य वर्षाचं ठरलेलं असल्यामुळे फाळ जितका टिकेल तितके त्याचे कष्ट कमी. इकडे लोखंड स्वतःचं म्हणून शेतकरीही अवजार जपून वापरी. झिजेचा भार दोघांत वाटलेला होता, म्हणून काम चांगलं व्हावं ही दोघांचीही गरज होती.

मी सिंदेवाहीकडचा. रोवण्याआधी फाळ खांद्यावर टाकून लोहाराकडे नेण्याचं काम पोरांचं असे. देशी नांगराचा फाळ म्हणजे एक लांब लोखंडी कांब. टोक झिजलं की कडी सैल करून कांब पुढे सरकवायची. सरकवायला जागाच उरली नाही की तो शेवटून, म्हणजे टोकाला नवं लोखंड जोडून, आणायचा. लोहार टोकावर नव्या लोखंडाचा तुकडा ठेवी, भात्यावर बसलेल्याला जोर करायला सांगे, आणि लोखंड पिवळंजर्द झालं की वर बारीक वाळू टाकी. मग ऐरणीवर घणाचे घाव बसत आणि जोड एकजीव होई. शेवटी पाणी द्यायचं: फक्त टोक बुडवायचं, बाहेर काढून त्यावर परत चढत येणारा रंग पाहायचा आणि नेमक्या रंगाला पुन्हा बुडवायचं. थोडं आधी बुडवलं तर टोक खडकावर तुटतं, उशीर झाला तर चिखलणीतच वाकतं. सगळा हंगाम त्या एका नजरेवर उभा असे.

एके काळी हे लोखंडही इथलंच होतं. लोहारा, देवलगाव इथल्या डोंगरांतला दगड लाकडी कोळशावर वितळवून गावोगाव लोखंड काढत. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडावर सरकारला दिलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि त्यांचं लक्ष लोहाऱ्याकडे गेलं. त्यांचा पोलादाचा कारखाना मात्र पुढे साक्चीला झाला, तो आजचा जमशेदपूर. तोवर 1878 च्या वन कायद्यानं जंगलं राखीव होऊ लागली होती, वरोऱ्यापर्यंत आलेल्या रेल्वेनं परदेशी लोखंड आणलं होतं. गावच्या भट्ट्या विझल्या. दुरुस्तीचा रिवाज मात्र टिकला. तो मोडला तयार लोखंडी नांगरांनी. किर्लोस्करवाडी 1910 ची. तिथल्यासारख्या नांगरांना झिजलेला फाळ काढून दुकानातला नवा बसवता येतो. झिजेचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खिशावर आला आणि लोहाराचं वर्षाचं धान्य बंद झालं.

आज हे सांगावंसं वाटलं ते माझ्या भाच्यामुळे. तो आणि त्याचे मित्र टेबलाभोवती बसून, प्रत्येकी एका काल्पनिक वीराची भूमिका घेऊन खेळायचे खेळ खेळतात. 1974 साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून या खेळांची परंपरा सुरू झाली. रोजच्या वापरातल्या झिजेचा हिशेब त्यात फारसा नसतो, म्हणून पोरं घरचा नियम करतात: वार फसला की पात्याला एक खाच, तीन खाचा पडल्या की तलवार मोडली. वाद मग खाचा किती धरायच्या यावरच होतात.

त्यांना मी आमचा जुना रिवाज देऊन पाहिला. खाचा मोजू नका. प्रत्येक गावात एक लोहार ठेवा. वीरानं हंगामाच्या सुरुवातीला त्याला धान्य द्यावं, लोखंड-कोळसा स्वतः आणावा, आणि वर्षभर शस्त्र त्याच्याकडून शेवटून घ्यावं. धान्य चुकवलं तर पुढच्या हंगामात तलवार बोथट. पोरांनी नियम लगेच उचलला, आणि खेळातल्या लोहाराला नाव, घर, कुटुंब मिळालं. झीज चुकत नाही. ती सोसण्यात वापरणारा आणि दुरुस्त करणारा दोघेही असले, तर अवजारही टिकतं आणि कारागीरही. आमच्या गावांना हे ठाऊक होतं, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती जायलाच हवं.