फोनची किंमत आणि फोनमधले रेडिओ

ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत ‘सायमन’ नावाचा एक फोन विक्रीला आला. तो आयबीएम कंपनीचा होता आणि बेलसाउथ ही दूरध्वनी कंपनी तो विकत होती. त्याला आकड्यांची बटणे नव्हती. आकडे पडद्यावरच उमटत आणि ते बोटाने किंवा सोबत दिलेल्या काडीने दाबायचे. पत्त्यांची वही, दिनदर्शिका, गणकयंत्र, टिपणवही, फॅक्स, ई-मेल असे सारे त्यात होते. वजन अर्धा किलोच्या आसपास. बॅटरी बोलण्यासाठी जेमतेम तासभर पुरे. किंमत मात्र एक नव्हती, दोन होत्या : दोन वर्षांचा करार केला तर ८९९ डॉलर, न केला तर १,०९९ डॉलर. सुमारे ५०,००० नग खपले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याची विक्री थांबली. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण झाले त्याच्याही नंतर, ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान.

टचस्क्रीन फोनचा इतिहास सांगताना बहुतेक जण पडद्यापासून सुरुवात करतात आणि पडद्यापाशीच थांबतात. आम्ही इथे दोन वेगळे प्रश्न विचारणार आहोत. फोनची किंमत म्हणजे नेमके काय? आणि एका फोनमध्ये रेडिओ किती? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे.

पडद्याविषयी थोडे सांगायलाच हवे. स्पर्श ओळखणारा पडदा ही फोनवाल्यांची कल्पना नव्हे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये त्याविषयी पहिला छोटा निबंध प्रसिद्ध केला. विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्यांना झटपट नोंद करता यावी, हा त्यामागचा हेतू. पुढे १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत फ्रँक बेक आणि बेन्ट स्टुंपे यांनी नव्या त्वरणयंत्राच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे बनवले. या दोन्ही ठिकाणचे पडदे विद्युतधारितेवर चालणारे होते. आपले शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ आले की काचेखालच्या पारदर्शक वाहक थराची धारिता बदलते आणि तो बदल मोजता येतो. दुसरा प्रकार रोधाचा. त्यात दोन वाहक थर थोड्या अंतरावर ठेवलेले असतात, दाब पडला की ते एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते विभवांतरावरून कळते. हा प्रकार स्वस्त. त्याला काडी, नख, पेन्सिल काहीही चालते, पण दाबावे लागते. आपल्या हातातला पडदा कोणत्या प्रकारचा आहे हे वर्गात सहज तपासता येते. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने स्पर्श करून पाहावा, मग उघड्या हातात धरलेल्या काकडीच्या फोडीने. काकडी चालली आणि लाकूड चालले नाही, तर पडदा धारितेवर चालणारा आहे असे समजावे.

आता २००७ सालाकडे येऊ. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपलचा आयफोन दाखवला. तो २९ जूनपासून अमेरिकेत मिळू लागला. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर २००६ मध्ये, एलजी कंपनीने धारितेच्या पडद्याचा ‘प्राडा’ फोन जाहीर केला होता. सुमारे ६०० युरो किमतीच्या त्या देखण्या फोनमध्ये वाय-फायही नव्हते आणि थ्री-जीही. आयफोनमध्ये वाय-फाय होते, ब्लूटूथ होते, पण मोबाइल जाळ्याशी त्याचा संबंध होता तो ‘एज’ या जुन्या पद्धतीने. युरोपात आणि जपानमध्ये तेव्हा थ्री-जी जुने झाले होते, म्हणून या उणिवेबद्दल बरीच टीका झाली. त्या वेळच्या थ्री-जी चिप फार वीज खातात आणि बॅटरी टिकत नाही, असे जॉब्ज यांनी सप्टेंबरमध्ये लंडनला सांगितले. आम्हाला हे कारण पटण्यासारखे वाटते.

वेगातला फरक आकड्यांत पाहू. एक गाणे साधारण ४ मेगाबाइटचे, म्हणजे ३२ मेगाबिट. ‘एज’वर प्रत्यक्षात सेकंदाला १०० किलोबिट मिळाले असे धरले, तर गाणे उतरायला ३२० सेकंद लागतील, म्हणजे पाच मिनिटांपेक्षा अधिक. घरी सेकंदाला २ मेगाबिटची जोडणी असेल आणि फोन तिच्याशी वाय-फायने जोडला असेल, तर तेच गाणे १६ सेकंदांत येईल. भारत सरकारने २००४ च्या धोरणात ज्याला ‘ब्रॉडबँड’ म्हटले तो किमान वेग होता २५६ किलोबिट. त्या वेगाने १२५ सेकंद. सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलने फोनवरून गाणी विकत घेण्याचे दुकान उघडले, ते वाय-फायवरच चालत असे, ‘एज’वर नाही. वरचे गणित पाहिले की ते तसे का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता किंमत. आयफोनची सुरुवातीची किंमत ४ गिगाबाइटला ४९९ आणि ८ गिगाबाइटला ५९९ डॉलर होती. सोबत एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार सक्तीचा. त्यातला सर्वांत स्वस्त करार महिन्याला सुमारे ६० डॉलरचा होता. ५ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे सव्वादोन महिन्यांतच, ८ गिगाबाइटच्या फोनची किंमत एकदम ३९९ डॉलर झाली. आधी घेतलेल्यांनी इतका गहजब केला की कंपनीला त्यांना १०० डॉलरची खरेदीची सूट द्यावी लागली. पुढच्या वर्षी ११ जुलैला आयफोन थ्री-जी आला, तो चक्क १९९ डॉलरला. ‘निम्म्या किमतीत दुप्पट वेग’ अशी त्याची जाहिरात होती.

इथे विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल घ्यायला सांगावे. जुना फोन : ३९९ अधिक २४ गुणिले ६०, एकूण १,८३९ डॉलर. नव्या फोनचा स्वस्तातला करार महिन्याला सुमारे ७० डॉलरचा. म्हणून १९९ अधिक २४ गुणिले ७०, एकूण १,८७९ डॉलर. निम्म्या किमतीचा फोन चाळीस डॉलरने महाग पडला! शिवाय जुन्या करारात महिन्याला दोनशे लघुसंदेश धरलेले होते, नव्यात त्यांचे पैसे वेगळे. फोनची किंमत कमी झालेली नव्हती. तिचा एक भाग दूरध्वनी कंपनीने आधी भरला आणि मासिक बिलातून परत घेतला, इतकेच. करार न करता तोच फोन घ्यायचा तर एटी अँड टीने ५९९ डॉलर मागितले. शेतमालावर आगाऊ उचल देणारा व्यापारी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

हा फोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी भारतात आणला. किंमत ८ गिगाबाइटला ३१,००० रुपये आणि १६ गिगाबाइटला ३६,१०० रुपये. त्या वेळी डॉलर साधारण ४३ रुपयांचा होता. वर्तमानपत्रांत १९९ डॉलर, म्हणजे साडेआठ हजार रुपये, असे वाचलेल्या लोकांना आपण फसवले गेलो असे वाटले. खरी तुलना करायची ती ५९९ डॉलरशी, म्हणजे सुमारे २६,००० रुपयांशी. आपल्याकडे बहुसंख्य लोक आधी पैसे भरून सिम कार्ड वापरतात. दोन वर्षांच्या बिलाची हमी नाही, म्हणून उचलही नाही. पाच हजारांचा फरक तरीही उरतोच.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. ‘थ्री-जी’ नावाच्या या फोनसाठी भारतात थ्री-जी जाळेच नव्हते. एमटीएनएलने दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये आणि मुंबईत २००९ मध्ये ही सेवा सुरू केली. ज्या दोन कंपन्या फोन विकत होत्या त्यांच्याकडे लहरीच नव्हत्या. थ्री-जीसाठीच्या वारंवारतांचा लिलाव ९ एप्रिल ते १९ मे २०१० या काळात झाला आणि त्यातून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. एअरटेलची थ्री-जी सेवा सुरू झाली ती जानेवारी २०११ मध्ये. ऑगस्ट २००८ मध्ये एकतीस हजार मोजणाऱ्याने फोनमधला एक रेडिओ जवळजवळ अडीच वर्षे निजलेलाच ठेवला. एव्हाना अमेरिकेत आयफोन चारही येऊन गेला होता.

आता वाद्ययंत्राकडे वळू, म्हणजे आयपॉड टचकडे. ५ सप्टेंबर २००७ रोजी जाहीर झालेला हा गाणी ऐकण्याचा संच दिसायला आयफोनचा सख्खा भाऊ. ८ गिगाबाइटला २९९ डॉलर, १६ गिगाबाइटला ३९९. करार नाही, मासिक बिल नाही. त्यात मोबाइलचा रेडिओ नव्हता, ब्लूटूथ नव्हते, ध्वनिग्राहक नव्हता, कॅमेरा नव्हता. बिनतारी सोय एकच, वाय-फाय. पण त्या एका रेडिओच्या जोरावर तो खिशातला संगणक झाला. दोन वर्षांत १,८०० डॉलर खर्चणे ज्यांना परवडत नव्हते, त्या विद्यार्थ्यांना २९९ मध्ये तोच पडदा मिळाला.

वाय-फायला मासिक बिल का लागत नाही? कारण २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कुणी विकत घेतलेला नाही. सूक्ष्मलहरींच्या भट्ट्या, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन, याच पट्ट्यात चालतात, आणि म्हणून संदेशवहनाच्या दृष्टीने तो टाकाऊ समजला जाई. अमेरिकेने १९८५ मध्ये तो कमी शक्तीच्या संदेशवहनाला परवान्याशिवाय खुला केला. वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले. खोलीच्या भिंतींवर आपटून येणारे प्रतिध्वनी ही यातली मोठी अडचण. ती सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेचे जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओ’सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या लहान कृष्णविवरांचे स्पंद शोधताना हाती आलेले गणित त्यांना इथे उपयोगी पडले. ते स्पंद मात्र सापडले नाहीत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. तसे झाले नसते तर भारतात वाय-फायचे काय झाले असते, याची कल्पना वर दिलेल्या लिलावाच्या रकमेवरून करावी.

या लहरीची तरंगलांबी काढणे दहावीच्या विद्यार्थ्याला जमते. ३ गुणिले दहाचा आठवा घात भागिले २.४ गुणिले दहाचा नववा घात, उत्तर साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या थोडी वर, लांबीची अँटेना पुरते. ती खिशातल्या यंत्रात सहज बसते. पण धातूच्या डबीत नाही. धातू लहरी अडवतो. म्हणून पहिल्या आयपॉड टचच्या चकचकीत पोलादी पाठीला वरच्या कोपऱ्यात काळा प्लॅस्टिकचा तुकडा होता. पहिल्या आयफोनची पाठही ॲल्युमिनियमची, खाली काळी पट्टी. आयफोन थ्री-जीत जीपीएसची भर पडली, रेडिओ वाढले आणि सगळी पाठच प्लॅस्टिकची झाली. पुष्कळांनी ते स्वस्तातले मानून नाके मुरडली. आमच्या मते ते त्या फोनमधले सर्वांत शहाणपणाचे काम होते.

सप्टेंबर २००८ मध्ये दुसरा आयपॉड टच आला आणि ८ गिगाबाइटची किंमत २२९ डॉलरवर उतरली. ब्लूटूथचा उल्लेख तेव्हा नव्हता. यंत्र उघडून पाहणाऱ्यांना आत ब्रॉडकॉम कंपनीची एक चिप दिसली. तीत वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही होते, एफएम ग्रहण करण्याचीही सोय होती. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच पट्ट्यात चालत असल्याने ते एका चिपवर येणे स्वाभाविकच होते, आणि असे एकत्र करणेच स्वस्त पडू लागले होते. हे ब्लूटूथ जून २००९ मध्ये जागे झाले, नव्या सॉफ्टवेअरने. त्यासाठी ९ डॉलर ९५ सेंट द्यावे लागले. आयफोनवाल्यांना तेच सॉफ्टवेअर फुकट.

हा दुजाभाव का? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आयफोनची विक्री कंपनी २४ महिन्यांत वाटून दाखवत असे, म्हणून त्या काळात नवी सोय फुकट देणे नियमात बसे. आयपॉडची सगळी विक्री त्याच दिवशी जमा होई. व्यवहार पुरा झाल्यावर नवी सोय फुकट दिली तर मूळ विक्रीच अपुरी होती असा अर्थ निघेल, असे कंपनीचे म्हणणे होते. अमेरिकेतले हे लेखानियम २००९ मध्ये बदलले आणि जून २०१० चे सॉफ्टवेअर सर्वांना मोफत मिळाले.

किंमत खाली आणायची तर कोणता रेडिओ गाळायचा, हा प्रश्न पुढे आपल्याकडेही आला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा संगणक जाहीर झाला. सरकारने तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास घेतला. सात इंची पडदा रोधाच्या प्रकारचा, आणि बिनतारी सोय वाय-फाय एवढीच. आयपॉड टच ज्या घरांत गेला तिथे वाय-फाय आधीच होते. आपल्या बहुतेक खेड्यांत ते नव्हते. पुढे या प्रकल्पाचे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ च्या ‘आकाश-२’मध्ये धारितेचा पडदा बसला. त्याच निर्मात्याने बाजारासाठी जो संच काढला त्याची किंमत २,९९९ रुपये होती. त्यात प्रोसेसर अधिक वेगवान होता आणि सिम कार्डाची सोयही होती, पण जोडणी ‘एज’च्याही आधीच्या जीपीआरएसची. सेकंदाला ४० किलोबिट धरले तर आपले ४ मेगाबाइटचे गाणे त्यावर १३ मिनिटे २० सेकंदांत उतरेल.