अविंध, तुरक, मुसलमान : बीड परिसरातील इस्लामविषयक वादाची भाषा

(१)

एखाद्या धर्माविषयी वाद होतो तेव्हा तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांनी झाला, हा प्रश्न सामान्यतः गौण मानण्यात येतो. तत्त्वे मुख्य आणि शब्द हे त्यांचे केवळ वाहन, अशी समजूत त्यामागे असते. परंतु उत्तरेस गोदावरी आणि मधोमध बालाघाटाची डोंगररांग असलेल्या बीड परिसराचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत पुरेशी ठरत नाही. इस्लामच्या श्रद्धा कोणत्या आणि समाजात त्याचे स्थान कोणते, हा वाद या भूभागात निदान चारशे वर्षे चालू आहे. या काळात वादाचे विषय बदलले तशी त्याची भाषाही बदलली. आणि भाषा बदलली की वादात कोणाला बोलता येईल हेही बदलत गेले. या परिवर्तनाचे टप्पे येथे पाहावयाचे आहेत.

प्रारंभी संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. जुन्या मराठीत मुसलमानांसाठी 'तुरक', 'यवन', 'म्लेंच्छ', 'अविंध' असे अनेक शब्द येतात. 'तुरक' हा शब्द वंशवाचक आहे. 'यवन' हा मुळात आयोनियन ग्रीकांसाठी योजलेला आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लागू झालेला शब्द. 'म्लेंच्छ' म्हणजे ज्याची वाणी अस्पष्ट तो. 'अविंध' म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. ही ओळख देहावरील संस्काराच्या अभावावरून केलेली आहे. यांपैकी एकही शब्द श्रद्धेचे नाव नव्हे. सिद्धान्त, विधी आणि कायदा यांची एक बांधीव व्यवस्था या अर्थाने 'इस्लाम' हा शब्द जुन्या मराठीत विरळाच आढळतो. तो रूढ झाला तो मुख्यतः मुद्रणयुगात. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकांतील मराठी वाद हा दोन धर्मव्यवस्थांचा वाद नसून शेजारी राहणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांचा वाद होता. त्याचा स्वर समजून घेताना हा भेद विसरून चालणार नाही.

(२)

गोदातीरावरील पैठणच्या एकनाथांचे (१५३३–१५९९) 'हिंदु-तुर्क संवाद' हे प्रकरण या दृष्टीने पहिला महत्त्वाचा पुरावा होय. यातील तुरक दखनीमिश्रित बोली बोलतो आणि हिंदू मराठीत उत्तर देतो. तरी दोघांना एकमेकांचे बोलणे कळते, हे यात गृहीत धरलेले आहे. तुरक मूर्तिपूजेवर, देवांच्या पौराणिक कथांवर आणि सोवळ्याओवळ्यावर प्रहार करतो. हिंदू उलट विचारतो की, ईश्वर सर्वत्र असेल तर पश्चिमेकडेच तोंड का करावे, आणि त्याला ठरावीक वेळीच का आळवावे. धर्मांतराचा प्रश्नही यात टळलेला नाही : हिंदूला मुसलमान करणे आवश्यक असेल तर त्याला हिंदू म्हणून जन्मास घालण्यात ईश्वराची चूक झाली काय, अशी शंका काढलेली आहे. शब्द कठोर आहेत, उपहास बोचरा आहे. परंतु शेवटी दोघे परस्परांस आलिंगन देतात. वाद तीव्र असूनही तो संवाद राहिला याचे कारण असे की, दोन्ही पक्षांना समोरच्याच्या ग्रंथांची आणि आचारांची घरगुती माहिती होती.

या काळाला केवळ समन्वयाचा काळ म्हणणे मात्र एकांगी होईल. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या चरित्रकथेत याच्या उलट अनुभव सांगितलेला आहे. वडिलांकडील सरकारी वसुली थकली म्हणून बीदरच्या दरबाराने या मुलास ओलीस ठेवले. मुदतीत भरणा न झाल्यास त्यास मुसलमान करण्यात येईल असे बजावले. आणि अखेर दत्तात्रेयानेच पाडेवाराच्या रूपाने रक्कम भरून त्यास सोडविले, अशी ती कथा आहे. तिचा चमत्काराचा भाग सोडून दिला तरी सत्तेच्या बळावर होणाऱ्या धर्मांतराचे भय समाजमनात किती खोल होते, हे तीवरून कळते. ज्यांनी पुढे वस्त्रावर 'पंचीकरण' लिहून अंबाजोगाईस ती प्रसिद्ध पासोडी ठेवली, त्यांच्या कथेचा आरंभ या भयापासून होतो.

शेख महंमद यांचे कार्य या दोन अनुभवांच्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. परंपरा त्यांचे नाते बीड जिल्ह्यातील धारूरशी आणि आष्टी तालुक्यातील वाहिऱ्याशी जोडते; त्यांचे कार्यक्षेत्र मात्र आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे हे होय. मालोजी भोसले त्यांस गुरुस्थानी मानीत. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी सूफी परंपरेतील. आणि परंपरेप्रमाणे हेच चांद बोधले एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू होत. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इ.स. १६४५ मध्ये, पूर्ण झाला. वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची रचना संपादून प्रसिद्ध केली, आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' (१९६७) या ग्रंथात या परंपरेचा साकल्याने परामर्श घेतला.

भाषेच्या दृष्टीने शेख महंमदांची विशेष गोष्ट अशी की, 'अविंध' हा दुसऱ्यांनी दिलेला शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरला. बाहेरून लावलेली, काहीशी हीनत्वदर्शक संज्ञा त्यांनी आत्मपरिचयाची संज्ञा केली आणि त्याच दमात आपल्या अंतरी गोविंद असल्याचे सांगितले. आपण मुसलमान आहोत हे ते लपवीत नाहीत, आणि त्यामुळे मराठी भक्तिविचारावरील आपला अधिकारही सोडीत नाहीत. 'योगसंग्राम' या नावातच साधकाचे आपल्या विकारांशी होणारे युद्ध सुचविलेले आहे. वासनेशी करावयाचे युद्ध हेच थोरले युद्ध होय, हा सूफींचा प्रसिद्ध विचार आणि योगमार्गातील इंद्रियजय यांचा येथे एकाच मराठी रूपकात मेळ बसतो. त्यांच्या टीकेतून कोणीही सुटत नाही. क्षुद्र देवतांपुढील पशुबळी, देव्हारे माजविणारे भोंदू, ढोंगी गोसावी आणि तितकेच ढोंगी फकीर या साऱ्यांचा ते समाचार घेतात. ही टीका परक्याची नाही, हे तत्कालीन समाजाने ओळखले होते. समर्थ रामदासांनी त्यांच्या गौरवार्थ पद्य रचले यावरून त्यास पुष्टी मिळते.

बीड शहरातील मन्सूर शहा या सूफी पुरुषावर महादजी शिंदे यांची श्रद्धा होती, हेही याच परंपरेचे उत्तरकालीन उदाहरण. तथापि येथे भेद केला पाहिजे. दर्ग्यास नवस बोलणे, कंदुरी करणे, उरुसास जाणे यांत सहजीवन आहे, परंतु विचारांची देवघेव असेलच असे नाही. शेख महंमदांच्या ग्रंथात जी तात्त्विक चर्चा आहे ती अठराव्या शतकात क्षीण झाली, आणि श्रद्धेचा व्यवहार तेवढा उरला.

(३)

आसफजाही राजवटीच्या अखेरच्या पर्वात या वादाची भाषाच पालटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले, आणि त्यासाठी पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूत आणणारी भाषांतरसंस्था आधीच्या वर्षी स्थापन झाली होती. एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु बीडच्या मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने ती भाषा कचेरीची होती.

याच काळात इस्लाम आणि आधुनिक जग यांचा संबंध हा जगभरच्या मुसलमानांपुढील मुख्य प्रश्न झाला होता. इजिप्तमध्ये मुहंमद अब्दुह आणि उत्तर हिंदुस्थानात सर सय्यद अहमद खान यांनी तो प्रश्न बुद्धिवादाच्या अंगाने मांडला. १९२९ च्या प्रारंभी इक्बाल यांनी धार्मिक विचाराच्या पुनर्रचनेवरील आपली व्याख्याने हैदराबादेतही दिली. बीडला लागून असलेल्या तत्कालीन औरंगाबाद येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या अबुल आला मौदूदी यांनी त्याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर दिले. इस्लाम ही राज्य, कायदा आणि समाज यांसह जीवनाची संपूर्ण व्यवस्था आहे, हा त्यांचा सिद्धान्त हैदराबादेतून चालविलेल्या 'तर्जुमान-उल-कुरआन' या मासिकातून आकारास आला. १९४१ मध्ये लाहोर येथे त्यांनी जमाअत-ए-इस्लामीची स्थापना केली. विसाव्या शतकातील एक अत्यंत प्रभावी इस्लामी विचारवंत मराठी मुलखात जन्मला. पण त्याचा विचार उर्दूत घडला आणि मराठीत आला तो पुढे, भाषांतरातून. शेजारच्या मराठी भाषकास तो घडत असताना कळलाही नाही.

दुसऱ्या बाजूसही असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारूर येथे निघालेली आर्यसमाजाची शाखा संस्थानातील आद्य शाखांपैकी मानली जाते. आर्यसमाजाच्या 'सत्यार्थप्रकाश' या मूलग्रंथाचा चौदावा समुल्लास कुराणाच्या खंडनासाठीच योजलेला आहे, आणि त्याची भाषा हिंदी. ज्या धारूरचे नाव शेख महंमदांशी जोडले जाते तेथे आता इस्लामची चर्चा सुरू झाली ती खंडनमंडनाच्या पद्धतीने. प्रतिपक्षाचा ग्रंथ घ्यावा, वचने निवडावी आणि ती असत्य ठरवावी, अशी ती पद्धत. एका बाजूची सिद्धान्ताची भाषा उर्दू, दुसऱ्या बाजूची हिंदी. आणि दोन्ही पक्षांचे लोक ज्या मराठीत बाजारहाट करीत ती मात्र या वादात मूक. १९३८–३९ चा सत्याग्रह, रझाकारांचे अत्याचार, सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांची झालेली हत्या, यांची कारणे मुख्यतः राजकीय होती. परंतु वाद करण्याची समाईक भाषा आधीच नाहीशी झालेली होती, ही गोष्टही त्यांत धरली पाहिजे.

(४)

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा घटक झाला. इस्लामविषयक वाद पुन्हा मराठीत आला तो या राज्यात, आणि तो आणला एका कोकणी मुसलमानाने. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांपासून संरक्षण आणि सर्वांस समान कायदा, अशी ती मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यास त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. संस्थेच्या नावातील 'सत्यशोधक' हा शब्द जोतीराव फुल्यांच्या परंपरेतून घेतलेला आहे. मुसलमान समाजाची चिकित्सा मराठी प्रबोधनाच्या शब्दांनी करता येते, असे त्या नावातून सुचविलेले होते.

विरोध अर्थातच प्रखर झाला. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनातून मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाची कल्पना पुढे आली आणि पुढील वर्षी हैदराबाद येथे ते स्थापन झाले. दलवाईंच्या विरोधकांचा आक्षेप असा की, ज्याची श्रद्धा उरलेली नाही त्यास श्रद्धावंतांच्या कायद्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. कारण दलवाई स्वतः धर्मश्रद्धेच्या बाहेर उभे राहून बोलत, आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी होऊ नये, दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यास उत्तरही आहे. कायदा ज्या स्त्रियांना लागू होत होता त्या मोर्चात चालत होत्या. कायद्याची झळ ज्यास लागते त्यास बोलण्याचा अधिकार श्रद्धेच्या परीक्षेवर अवलंबून ठेवता येत नाही. शेख महंमदांनी श्रद्धेच्या आत राहून आचाराची चिकित्सा केली, दलवाईंनी नागरिकत्वाच्या भूमिकेवरून केली. दोघांच्या अधिकारांचा उगम भिन्न आहे. त्यांस एकाच मालिकेत बसविण्याचा मोह टाळलेला बरा.

या दोन भूमिकांच्या दरम्यान तिसरी भूमिका पुढे न्यायालयात दिसली. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने असा निर्णय दिला की, पतीने तलाक दिल्याचे केवळ विधान पुरेसे नाही. सबळ कारण आणि तत्पूर्वी दोन्ही घराण्यांकडील मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न या गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत. बीड जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. या निर्णयाचा आधार कुराणातील आज्ञांचा अर्थ हा होता. रूढी हीच श्रद्धा होय, हे गृहीत येथे धर्मग्रंथाच्याच साहाय्याने तपासले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला आणि २०१९ मध्ये त्याविषयी संसदेने कायदा केला. तरी कायदा, शिक्षा आणि सामाजिक सुधारणा यांच्या संबंधाचा वाद त्याने मिटला नाही.

दरम्यान, १९९० मध्ये सोलापूर येथे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. 'मुस्लिम' आणि 'मराठी' ही विशेषणे जोडीने लावण्याची गरज वाटावी, ही गोष्टच दोन शतकांत काय तुटले होते ते सांगते. शेख महंमदांना अशा जोडविशेषणाची गरज पडली नव्हती. आज मात्र त्यांच्या श्रीगोंदे येथील स्थानास मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून अलीकडच्या वर्षांत वाद झालेला आहे. ज्याने दुसऱ्याने दिलेले नाव स्वतः धारण करून त्यातील विष काढून टाकले, त्याच्याच समाधीस एक नाव देण्यासाठी दोन पक्ष उभे राहावेत, यात काळाचा फरक स्पष्ट दिसतो.

(५)

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. सतराव्या शतकाकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्या काळच्या संवादात स्त्रीला स्थान नव्हते आणि सत्तेच्या भयाची छाया होती. १९६६ च्या मोर्चाने जो प्रश्न विचारला तो एकनाथांच्या हिंदूलाही सुचला नव्हता आणि तुरकालाही. परंतु एकनाथांच्या संवादातील एक गुण आजच्या वादात दुर्मिळ झाला आहे : दोन्ही वादी प्रतिपक्षाचे शास्त्र जाणतात आणि एकमेकांच्या तोंडावर बोलतात. विश्वासाचे सिद्धान्त, रूढ आचार आणि राज्याचा कायदा या तीन गोष्टींसाठी तीन वेगळे शब्द वापरण्याची शिस्त वादात आली, तर टीका म्हणजे द्वेष नव्हे आणि श्रद्धा म्हणजे हट्ट नव्हे, हे दोन्ही बाजूंस मान्य करणे सुकर होईल. 'अविंध' या शब्दाचा जो अर्थ शेख महंमदांनी आपल्या हयातीत बदलला, तो कोशांनी मात्र जुनाच नोंदविला. बीड परिसरातील बोली, दर्ग्यांचे कागद आणि हस्तलिखिते यांतून अशा बदललेल्या अर्थांची नोंद करणे, हे मराठीच्या अभ्यासकांपुढील प्रत्यक्ष काम आहे.