सरावातला शत्रू कोण? देवराष्ट्रे ते सिम्युलेटर

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण सातारा-सांगलीकरांनी शाळेतल्या भाषणांत इतक्यांदा ऐकलंय, की धावून गेल्यावर पुढे काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं. आज तेच बघूया.

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ चा, गाव देवराष्ट्रे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून पराभव झाल्यावर, ते संरक्षणमंत्री झाले. पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तो अहवाल सरकारने गोपनीय ठेवला. पण २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी त्यातले मुख्य निष्कर्ष संसदेत सांगितले. मूलभूत प्रशिक्षण चांगलं होतं, असं ते म्हणाले. मात्र चीन युद्ध सुरू करेल हे धरून ते दिलेलं नव्हतं. चिन्यांचे डावपेच, शस्त्रं, ताकद यांची जवानांना पुरेशी माहितीच नव्हती.

थांबा जरा. म्हणजे सराव होता, पण सरावात समोर उभा केलेला शत्रू वेगळाच होता! पुढे डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या, १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आली.

आता ५८ वर्षं पुढे येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी आराखडा आणला. कारण साधं आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचं, देवळालीला तोफांचं प्रशिक्षण चालतं. खरा गोळा एकदा उडाला की संपला, पडद्यावरचा शंभरदा उडवता येतो. इंधन वाचतं, जिवाचा धोकाही टळतो.

पण ही खरेदी होते कशी? आधी लष्कर आपली गरज लिहून काढतं, तिला मंजुरी मिळते. मग निविदा, तांत्रिक तपासणी, चाचण्या. यात पास झालेल्यांपैकी ज्याची किंमत सगळ्यात कमी, त्याच्याशी करार. २०२० च्या नियमावलीत पहिली पसंती भारतातच डिझाइन झालेल्या मालाला आहे, आणि त्यात किमान ५० टक्के भाग स्वदेशी हवा.

माझ्या मते खरी मेख पहिल्याच पायरीवर आहे. बंदूक घेतली की ती तशीच राहते. सॉफ्टवेअरमधला शत्रू मात्र बदलत राहायला हवा. समोरच्याने उद्या नवे ड्रोन आणले, तर ते पडद्यावर कोण आणणार? कोडचा हक्क कुणाचा? हे आधी लिहून घेतलं नाही, तर स्वस्तातलं सॉफ्टवेअर जवानाला कालच्याच शत्रूशी लढायला शिकवत बसेल. १९६२ चीच चूक, फक्त पडद्यावर.

आपल्याकडे हा प्रश्न कागदावरचा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. आजही पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. त्यातली काही उद्या बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये असतील.

तुमच्या घरात कुणी आजी-माजी फौजी असेल, तर त्यांना एक विचारा: सरावात तुमचा शत्रू कोण असायचा? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात!