बाण कोणाकडे जातो? : मेंढ्याचा बांबू आणि एक संगणकीय आकृती

संगणकप्रणाली बांधणारे लोक प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी कागदावर आकृत्या काढतात. या आकृत्यांची एक प्रमाण चिन्हभाषा आहे. तिला 'युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज', थोडक्यात यूएमएल, म्हणतात. तिच्यातल्या 'सिक्वेन्स डायग्रॅम'ला आपण अनुक्रम आकृती म्हणू. इतिहासाची कागदपत्रे चाळणाऱ्याला ती फार जवळची वाटावी अशी आहे. कोणी, कोणाला, काय कळवले आणि त्याआधी काय घडले होते, एवढेच ती विचारते. दप्तरखान्यात बसून आपणही दुसरे काय विचारतो?

तिची रचना सोपी आहे. व्यवहारात भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव वर एका ओळीत लिहायचे आणि प्रत्येक नावाखाली तुटक उभी रेषा सोडायची. ही त्याची जीवनरेषा. काळ वरून खाली वाहतो. एकाने दुसऱ्याला काही सांगितले की आडवा बाण. भरीव टोकाचा बाण म्हणजे उत्तर मिळेपर्यंत विचारणारा थांबून राहणार. उघड्या टोकाचा म्हणजे निरोप धाडून तो आपल्या कामाला लागला. उत्तराचा बाण तुटक रेषेचा. जुन्या फोनवर हे चटकन समजते. रिसीव्हर उचलला, एक्स्चेंजने डायल टोन दिला, आपण नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

फोनचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. या आकृतीचे मूळच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत इवार याकोबसन हा अभियंता १९६७ पासून एक्स्चेंजच्या प्रणालींवर काम करीत होता. तिथे वापरलेली पद्धत त्याने १९९२ च्या आपल्या पुस्तकातून जगापुढे मांडली. त्याच सुमारास दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशाच आकृत्यांचे झेड.१२० हे प्रमाण ठरवले. पुढे ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि याकोबसन यांनी आपापल्या पद्धती एकत्र केल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएलला प्रमाणभाषा म्हणून मान्यता मिळाली.

आता ही पट्टी-पेन्सिल घेऊन गडचिरोली जिल्ह्यात येऊ. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा, सगळे परिचयाचे आहे. पण ती गोष्ट सहसा लढ्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला कागदाचा प्रवास पाहायचा आहे.

या जंगलातला बांबू शासनाने दीर्घ मुदतीच्या कराराने बल्लारपूरच्या कागद गिरणीला दिलेला होता. त्या काळाची आकृती काढली तर शासन, वनविभाग आणि गिरणी यांच्या रेषा येतात. गावाची रेषा काढायचे कारणच पडत नाही. निस्ताराच्या नोंदीत घरवापरापुरता बांबू गावाला होता, पण विक्रीच्या व्यवहारात गाव नव्हते. २००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. कायद्याच्या कलम २ मधल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. कलम ३ त्याची मालकी, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क देते.

म्हणजे बांबू गावाचा झाला. आकृती काढली की अडचण दिसते. चार रेषा घ्या: व्यापारी, ग्रामसभा, वनविभाग, तपासणी नाका. व्यापारी ग्रामसभेकडे माल मागतो. ग्रामसभा तयार आहे. पण ट्रक नाक्यावरून सुटायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि त्याचा बाण वनविभागाकडे जातो. भरीव टोकाचा बाण. ग्रामसभा उत्तराची वाट पाहत थांबते. उत्तर आले ते असे, की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दात बांबूही धरला आहे, सबब परवाना नाही. गंमत अशी की २००८ च्या वनहक्क नियमांनी वनोपज डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून न्यायला मुभा दिली होती. मोटारगाडीसाठी मात्र जुनेच वाहतूक नियम ठेवले होते. शेकडो बांबूंची विक्री सायकलवरून कोण करणार? हक्क देणाऱ्या कायद्याच्या नियमांतच हक्क अडवणारा बाण राहून गेला होता. कलमे एकापाठोपाठ वाचताना तो नजरेतून निसटतो, रेषांवर मात्र लगेच सापडतो.

२१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळवले. २७ एप्रिलला ते स्वतः मेंढ्याला आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत त्यांनी ग्रामसभेला वाहतूक परवान्यांचे पुस्तक दिले. परवाना दिला असता तर एका बाणाचे उत्तर मिळाले असते. पुस्तक दिल्यामुळे पुढचे सगळे बाणच वळले. प्रणाली बांधणारे याला जबाबदारी एका घटकाकडून दुसऱ्याकडे हलवणे म्हणतात. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवले. यूएमएलमध्ये यासाठी खास बाण आहे: स्वतःच्या रेषेतून निघून वळसा घेऊन स्वतःकडेच परतणारा. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तिथली ग्रामसभाही स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागली. वन अधिनियमातल्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये.

या आकृतीला मर्यादा आहेत, आणि इतिहासकाराला त्या महागात पडू शकतात. ती क्रम दाखवते. वेगळी नोंद केली नाही तर किती वेळ गेला ते दाखवत नाही. ऑगस्ट २००९ ते एप्रिल २०११ ही वीस महिन्यांची ताटकळ कागदावर बोटभर जागेत मावते. दुसरी मर्यादा मला अधिक खटकते. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा आक्षेप असला तरी पुन्हा बसायचे, अभ्यासगटात विषय पुन्हा फोडायचा. आकृतीत मात्र ग्रामसभा म्हणजे एक रेषा. चर्चेसाठी पुनरावृत्तीची चौकट काढता येते, पण चौकटीत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले ते येत नाही.

एक चिन्ह मात्र आपल्या सरकारी व्यवहारासाठीच घडवले असावे असे वाटते. २००५ च्या यूएमएल २.० मध्ये 'हरवलेला निरोप' दाखवायची सोय आहे. बाण निघतो आणि कोणाच्याही रेषेला न भिडता एका काळ्या ठिपक्यात संपतो. २०१२ च्या नियमांप्रमाणे दावा फेटाळायचा असेल तर दावेदाराला व्यक्तिशः कळवावे लागते, कारण कळल्यापासून साठ दिवसांत त्याला वरच्या समितीकडे दाद मागायची असते. कळवलेच नाही तर पुढची अपिलाची सगळी आकृती कोरी राहते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तो स्थगित करताना न्यायालयाने राज्यांना विचारले ते हेच, की दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली.

त्याच वर्षी मध्य प्रदेशाने फेरतपासणीसाठी 'वनमित्र' ही संगणकप्रणाली आणली. अशा प्रणालीची अनुक्रम आकृती काढणारा दावेदार, वनहक्क समिती, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती आणि सर्व्हर अशा पाच रेषा काढील. नकाराचा निरोप सर्व्हरकडून दावेदाराच्या मोबाइलवर जाईल, आणि कागदावर तो बाण दावेदाराच्या रेषेला नीट भिडलेला दिसेल. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या पाड्यांत, जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे तो काळ्या ठिपक्यातच संपण्याची शक्यता जास्त. नियमात 'व्यक्तिशः' हा शब्द आहे. तो पाळायचा तर सर्व्हर आणि दावेदार यांच्यामध्ये सहावी रेषा काढावी लागेल: गावात चालत जाऊन गोंडी-माडियात नकार समजावून सांगणाऱ्या, आणि अंगठा घेऊन परत येणाऱ्या माणसाची.