हवेवरचे टेबल : घर आणि आर्केड

शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'च्या दुसऱ्या अंकात राणी आपल्या दासीला बिलियर्ड खेळायला बोलावते. तिच्या काळी इजिप्तमध्ये बिलियर्ड नव्हते. हा कालविपर्यास टीकाकारांनी अनेकदा दाखवून दिला आहे. पण त्यातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. सतराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या प्रेक्षकाला हे टेबल महालात शोभून दिसत असावे. खेळाचे टेबल हे प्रथम घराचे, अर्थात श्रीमंत घराचे, वैभव होते.

ते घराबाहेर कसे आले हे पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. घोडागाड्या बनवणाऱ्या जॉन मोझेस ब्रन्सविक या स्विस स्थलांतरिताने १८४५ साली सिनसिनाटीत बिलियर्डची टेबले करायला घेतली. पुढे याच घराण्याची कंपनी मद्यगृहांसाठी कोरीव लाकडी बारही बनवू लागली. म्हणजे टेबल आणि त्याभोवतीची सार्वजनिक जागा एकाच कारखान्यातून बाहेर पडू लागली.

एअर हॉकीचा जन्म याच ब्रन्सविक कंपनीतला. १९६९ साली तिथल्या तीन अभियंत्यांनी घर्षणरहित पृष्ठभागावरच्या खेळाची कल्पना हाती घेतली. ती काही काळ रेंगाळली आणि १९७२ मध्ये बॉब लेमिओ यांनी तिला बर्फावरच्या हॉकीचे रूप दिले. रचना तशी साधी. टेबलाला असंख्य बारीक छिद्रे, खाली पेटीत पंखा, छिद्रांतून वर येणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगणारी चकती. आपण कॅरमवर पावडर टाकून जे साधतो, तेच इथे वारा करतो.

आणि नेमका इथेच घर व धंदा यांचा प्रश्न उभा राहतो. स्पर्धेचे टेबल आठ फुटी असते. घरासाठी म्हणून विकली जाणारी बरीचशी टेबले त्याहून लहान, हलकी आणि दुबळ्या पंख्याची असतात. हा फरक केवळ किमतीचा नाही. हवा अपुरी पडली की चकती घसटते, वेग मरतो, आणि कडेवर आपटून कोन साधण्याची जी खरी विद्या आहे ती शिकताच येत नाही. माझ्या मते तो लहान आकारातला तोच खेळ नव्हे. तो निराळाच, बराच गरीब खेळ आहे. कॅरमचे तसे नाही. स्पर्धेच्या मापाचा फळा चाळीतल्या खोलीतही मावतो, म्हणून घरातला मुलगा हात न बदलता स्पर्धेत उतरू शकतो.

एअर हॉकीच्या खेळाडूला मात्र सार्वजनिक टेबलाचाच आधार. १९७५ साली जे. फिलिप अर्नोल्ड यांनी या खेळाची अमेरिकन संघटना स्थापन केली आणि टेक्सासमधले ह्यूस्टन हे खेळाचे माहेर बनले. दुर्दैव असे की १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आले, १९८० मध्ये 'पॅक-मॅन'. व्हिडिओ गेमचे कपाट जागा थोडी अडवते, त्याला जोडीदार लागत नाही. आर्केडच्या मालकाने चौरस फुटांचा हिशेब केला, तर त्याला दोष कसा द्यावा? टेबले मागे सरली. खेळ तगला तो मूठभर हट्टी लोकांमुळे, जे चांगले टेबल शोधत गावोगाव फिरायला तयार होते.

तेव्हा आज टेबल घेणाऱ्याने आधी हे ठरवावे की त्याला काय हवे आहे. मुलांची पावसाळी दुपार सरावी एवढीच अपेक्षा असेल, तर लहान टेबल पुरे. खेळ शिकायचा असेल, तर आठ फूट लांबी आणि दोन्ही टोकांना उभे राहून हात मागे घेता येईल इतकी मोकळी खोली हवी. धंद्यासाठी घेणाऱ्याने नाणेपेटीआधी पंखा पाहावा, कारण तो दिवसभर चालायचा असतो. टेबल सुरू करून चकती मध्यभागी अलगद ठेवावी. ती एकाच बाजूला वाहू लागली, तर पायांची पातळी चुकलेली असते किंवा पृष्ठभागच वाकलेला असतो. पाय फिरवून पातळी सुधारता येते. वाकलेला पृष्ठभाग नाही.